कार्डियाक अरेस्टनंतर मोका २७ आला. फाइल बंद करायची का?

टिपकागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या गटात रिहॅबवाले (पुनर्वसन), हृदयविभागातले आणि न्यूरोसायकॉलॉजीवाले (स्मृती, लक्ष, विचार यांच्या चाचण्या घेणारे) असे तिन्हीकडचे लोक आहेत, म्हणून प्रश्न इथेच टाकतो.

हृदयक्रिया बंद पडून सीपीआरने परत आलेला माणूस. शुद्धीवर आला, चालू लागला, स्टेंट किंवा आयसीडी (लय बिघडली की शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) जे व्हायचं ते झालं, आणि सीपीसी १ (मेंदूच्या कामाचा सगळ्यात चांगला दर्जा) असा शेरा घेऊन घरी गेला. कार्डियाक रिहॅबला येतो तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक, पायांत जोर आहे, पण ‘डोकं पूर्वीसारखं चालत नाही’ अशी मोघम तक्रार असते. बऱ्याचदा ती त्याची नसतेच, बायकोची असते. मोका (स्मृती, लक्ष, भाषा वगैरे तपासणारी ३० गुणांची छोटी चाचणी) करावी तर २७. कागदावर नॉर्मल.

ही चाळणी नेमकी केव्हा करायची, मोकाबरोबर आणखी काय लावायचं, आणि काही सापडलंच तर पुढे काय करायचं? ‘न्यूरोला दाखवून घ्या’ एवढ्यावर संपणारी चिठ्ठी उत्तर म्हणून नको आहे.

(हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, कार्डियाक अरेस्टमध्ये पंपच थांबतो आणि मेंदूचा पुरवठा बंद पडतो. धागा दुसऱ्याबद्दल आहे. एक दुसऱ्याला कारण ठरू शकतो, पण प्रतिसादांत गल्लत नको.)

---

प्रतिसाद १ · अकरा_वाजून_दहा

फाइल बंद करू नका. मोकात वेगाचं माप जवळजवळ नाही. एका मिनिटात शब्द सांगायचे तेवढा एक भाग सोडला, तर बाकी सगळं रुग्णाच्या सवडीने चालतं. अरेस्टनंतर स्मरणशक्ती, कार्यकारी क्षमता (काम आखणं, क्रमाने करणं, तपासणं) आणि माहिती हाताळण्याचा वेग ही तीन ठिकाणं मुख्यतः मार खातात. म्हणजे तिसऱ्या ठिकाणी चाचणी पोचतच नाही.

कारण मेंदूच्या रचनेत आहे. रक्तपुरवठा थांबला की सगळ्या पेशी सारख्या मरत नाहीत. हिप्पोकॅम्पसमधल्या (स्मृती साठवणारा भाग) सीए१ पेशी, सेरेबेलममधल्या (लहान मेंदू) पुर्किन्ये पेशी, बेसल गँग्लिया आणि दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दीवरचा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आधी बळी पडतो. सीए१ पेशी तर लगेच मरतही नाहीत, काही दिवसांनी मरतात. त्यामुळे बोलणं शाबूत, ओळख शाबूत, हातपाय शाबूत, आणि नवीन गोष्ट मात्र टिकत नाही, असा माणूस समोर येतो. गप्पा मारून हे कळत नाही.

म्हणून मोकाच्या जोडीला एसडीएमटी घ्या. वर चिन्हं आणि अंकांची किल्ली असते, ९० सेकंदांत जास्तीत जास्त चिन्हांना अंक लावायचे. हात थरथरत असेल तर तोंडी आवृत्ती घ्या, नाहीतर मेंदूऐवजी हाताचा वेग मोजून बसाल. निकाल वय आणि शिक्षणाच्या तक्त्याशी ताडायचा, कच्चा आकडा एकटा काही बोलत नाही.

आणि मोकाची बेरीज बघण्याआधी ती आतून वाचा. २७ मध्ये गेलेले तीनही गुण पाच शब्दांच्या आठवणीतले असतील तर ते २७ वेगळे, आणि घनाचं चित्र, घड्याळाचं चित्र, वजाबाकी असे इथून तिथून गेले असतील तर ते वेगळे. न आठवलेल्या शब्दासाठी आधी वर्गाची खूण द्यायची, मग तीन पर्याय द्यायचे. त्याला गुण नाहीत म्हणून निम्मे लोक ही पायरीच गाळतात. पण खूण दिल्यावर शब्द आला तर साठवण झाली आहे, काढताना अडतंय. पर्याय देऊनही आला नाही तर साठवणच झालेली नाही. पुढचं सगळं रिहॅब या एका फरकावर उभं राहतं. याचा वेगळा मेमरी इंडेक्स स्कोअरही निघतो: खुणेशिवाय आला तर ३, वर्गाच्या खुणेने २, पर्यायातून १, एकूण १५.

---

प्रतिसाद २ · लघुलिपी

पहिल्याच प्रतिसादात सगळं सांगून टाकलंत. आता बाकीच्यांनी फक्त ‘+१’ लिहायचं का?

---

प्रतिसाद ३ · उशाशी_वही

+१ 😀

‘केव्हा’ राहिलंय की अजून. वॉर्डात घाईने घेतलेली मोका हा या विषयातला सगळ्यात मोठा गोंधळ आहे. आयसीयूतून बाहेर येऊन दोन दिवस झालेत, मिडाझोलाम (गुंगीचं औषध) अजून पुरता उतरलेला नाही, रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत, बरगड्या दुखतायत, चष्मा घरी आणि श्रवणयंत्र पिशवीत. अशात १७ गुण आले तर ते कुणाचे? मेंदूच्या इजेचे, डेलिरियमचे (आजारपणात अचानक येणारा तात्पुरता गोंधळ) की चष्म्याचे?

आधी ४एटी ही डेलिरियमची चाळणी करा. दोन मिनिटांत होते. सतर्कता, चार सोपे प्रश्न, महिने उलटे म्हणणं आणि अचानक झालेला बदल. ४ किंवा जास्त गुण म्हणजे डेलिरियमचा संशय, मोका पुढे ढकला. डेलिरियम ओसरल्यावर, चष्मा-श्रवणयंत्र लावून, सकाळच्या वेळी, वेदनाशामकाचा अंमल आणि वेदना या दोन्हींच्या मधली वेळ गाठून घ्या. नातेवाईक खोलीत असतील तर त्यांना रुग्णाच्या पाठीमागे बसवा. समोर बसलेला माणूस ओठ हलवतोच.

युरोपियन रिससिटेशन कौन्सिल आणि ईएसआयसीएम (युरोपातली अतिदक्षता तज्ज्ञांची संस्था) यांच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत घरी सोडण्याआधी शारीरिक आणि इतर अडचणींची तपासणी, आणि नंतर ३ महिन्यांच्या आत पद्धतशीर फॉलो-अप असं आहे. त्या फॉलो-अपमध्ये आकलनाची (स्मृती, लक्ष, विचार) चाळणी, भावनिक अडचणी आणि थकवा हे तिन्ही विचारायचेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२० मध्ये जीवनसाखळीला ‘पुनर्प्राप्ती’ ही सहावी कडी जोडली. म्हणजे हे कुणाच्या हौसेचं काम उरलेलं नाही.

---

प्रतिसाद ४ · खोडरबर

जरा उलटा सूर लावतो. प्रत्येकाची चाळणी कशाला? ज्याची तक्रार आहे त्याची करा. बाकीच्यांना धडधाकट असताना ‘तुमची स्मृती तपासतो’ म्हणून घाबरवण्यात काय हशील? अरेस्टमधून आलेल्या माणसाला काळज्या कमी असतात का? आणि वॉर्डातली चाचणी इतकी बेभरवशाची असेल तर तिथे करूच नका, तीन महिन्यांनीच करा.

---

प्रतिसाद ५ · अकरा_वाजून_दहा

@खोडरबर, तक्रारीवर विसंबता येत नाही. या इजेत स्वतःच्या अडचणीची जाणीवच कमी होऊ शकते, आणि उलटही घडतं: तक्रार मोठी, चाचण्या स्वच्छ, मुळाशी चिंता किंवा नैराश्य. तक्रार आणि कामगिरी या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत, दोन्ही ऐकायच्या.

जाणीव तपासायला साधी युक्ती आहे. शब्दांची यादी देण्याआधी विचारा, ‘दहापैकी किती आठवतील?’ अंदाज लिहा, मग प्रत्यक्ष किती आले ते लिहा. अंदाज ९ आणि आले ३, आणि तरी चेहरा निर्विकार, तर अशा माणसाला ‘काही त्रास आहे का?’ विचारून उत्तर ‘नाही’ असंच येणार.

तिसरी वाहिनी घरच्यांची. आयक्यूकोड-सीए ही प्रश्नावली नेमकी अरेस्टसाठी बेतलेली आहे. २६ प्रश्न, अरेस्टच्या आधीच्या तुलनेत आता कसं, १ ते ५. सरासरी ३ म्हणजे ‘पूर्वीसारखाच’, वर गेलं की घसरण. घरच्यांनी वेगळ्या खोलीत बसून भरायची, रुग्णासमोर प्रामाणिक उत्तरं मिळत नाहीत. वेळ असेल तर सीएलसीई-२४. ती मुलाखतीसारखी घेता येते, २४ मुद्द्यांत आकलन आणि भावना दोन्ही येतात.

साधारण निम्म्या लोकांत काही ना काही आकलनाची अडचण सापडते असं जुन्या-नव्या अभ्यासांतून दिसतं, बहुतेकांत सौम्य. नाणं उडवून काढता येईल इतकी शक्यता असताना ‘तक्रार असेल तरच’ हा नियम परवडत नाही.

---

प्रतिसाद ६ · उशाशी_वही

@खोडरबर, वॉर्डाच्या बाबतीत अर्धं सहमत. वॉर्डातला प्रश्न ‘कायमचं काय राहील’ हा नसतोच. प्रश्न असतो ‘हा माणूस उद्या घरी एकटा सुरक्षित आहे का’. त्याला गुणांपेक्षा काम बघा. आठवड्याचा औषधांचा डबा आणि चिठ्ठी हातात द्या, म्हणावं भरा. कुठे अडतो ते दहा मिनिटांत कळतं: गोळी दोनदा टाकली, संध्याकाळचा कप्पा विसरला, मध्येच हाक मारली तर सुरुवातीपासून पुन्हा लागला.

स्टेंट बसवलेल्या रुग्णात हे नुसतं स्मृतीचं प्रकरण नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक चुकत राहिली तर स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका असतो. विसरणं इथे थेट हृदयाच्या अंगाशी येतं. कार्डिओवाल्यांना चाळणी पटवून द्यायची असेल तर मोकाचे गुण बाजूला ठेवा, हा एवढा मुद्दा सांगा.

---

प्रतिसाद ७ · दमसास

फिजिओच्या बाजूने. कार्डियाक रिहॅबमध्ये हे लोक ‘सूचना पाळत नाहीत’, ‘मोटिव्हेशन नाही’ अशा शेऱ्यांखाली सापडतात. सूचना एका वेळी एकच द्या. ‘सायकल पाच मिनिटं, मग नाडी मोजा, मग बोर्ग (किती दम लागला त्याचा आकडा) सांगा’ ही तीन कामं झाली. व्यायामाचं कार्ड चित्रांसह मोठ्या अक्षरांत, एका पानावर, सायकलसमोर चिकटवलेलं. बोर्गची ६ ते २० ची पट्टी डोक्यात ठेवणं जड जात असेल तर ०-१० ची घ्या, नाहीतर सरळ ‘बोलता येतंय का’ ही परीक्षा.

आयसीडी असेल तर यंत्राची सगळ्यात खालची ओळखमर्यादा (किती ठोक्यांपासून ते लय बिघडली असं धरतं) आधी विचारून घ्या. व्यायामातली सर्वोच्च नाडी तिच्या १० ते २० ठोके खाली राहिली पाहिजे. ही मर्यादा स्वतः लक्षात ठेवून पाळेल असं धरू नका. घड्याळात इशारा लावा किंवा कार्डवर लाल रेघ मारा.

आणि कॉरिडॉरमध्ये नीट चालतो म्हणून सोडू नका. चालता चालता महिने उलटे म्हणायला लावा. पाऊल अडखळलं किंवा महिने थांबले की दोन कामं एकत्र जमत नाहीत हे डोळ्यांना दिसतं. रस्ता ओलांडताना नेमकं तेच लागतं.

---

प्रतिसाद ८ · मधलीच_फांदी

अवांतर: मोकात ‘अमुक अक्षरावरून शब्द सांगा’ असतं. आपल्या लिपीत ‘क’ दिला तर ‘किल्ला’, ‘कोपरा’ धरायचे की फक्त ‘कपाट’, ‘कळप’? इथे वैयाकरणांचं युद्ध पेटवायला उत्सुक.

---

प्रतिसाद ९ · अकरा_वाजून_दहा

@मधलीच_फांदी, युद्ध नको, त्या आवृत्तीची सूचनापत्रिका वाचा 🙂 काय धरायचं ते प्रत्येक भाषेच्या आवृत्तीत ठरवून दिलेलं असतं, आणि सीमारेषाही त्याच आवृत्तीची धरायची. इंग्रजी कागद समोर ठेवून तोंडी भाषांतर करत चाचणी घेणं पूर्ण बंद करा. त्यात वाक्य पुन्हा म्हणण्याचा भाग तर निकालीच निघतो.

घेताना होणाऱ्या इतर चुका. आकडे आणि अक्षरं सेकंदाला एक या गतीने वाचायची असतात, लोक घाई करतात. १०० मधून ७ वजा करताना ‘आता ९३ मधून ७’ असं मध्ये सांगितलं की लक्ष धरून ठेवण्याची परीक्षाच संपली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात आणि भिंतीवर घड्याळ टांगलेलं असतं! शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर द्यायचा १ जादा गुण विसरतात, किंवा सगळ्यांना वाटतात.

---

प्रतिसाद १० · लघुलिपी

सदस्यनामाचा उलगडा झाला. इतके दिवस वाटत होतं ही यांची झोपायची वेळ.

---

प्रतिसाद ११ · खोडरबर

बरं, चाळणी मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. सापडल्यावर उपचार काय? मेंदूच्या पेशी तर परत येणार नाहीत. पुरावा दाखवा, नाहीतर चाळणी म्हणजे वाईट बातमी देण्याचा कार्यक्रम.

---

प्रतिसाद १२ · सुकाणू

पुरावा थोडा आहे, पण आहे. नेदरलँड्समध्ये झालेली एक यादृच्छिक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. विशेष प्रशिक्षित परिचारिका, घरी गेल्यावर लवकर सुरुवात, एक ते सहा भेटी, रुग्ण आणि जोडीदार दोघंही. काम काय, तर आकलन आणि भावनिक अडचणींची चाळणी, माहिती, आधार, स्वतःचं स्वतः सांभाळायला शिकवणं, गरज असेल तर पुढे पाठवणं. वर्षाच्या शेवटी जगण्याच्या गुणवत्तेत, विशेषतः भावनिक बाजूत, फरक दिसला. महागडं यंत्र नाही, एक माणूस आणि ठरलेल्या भेटी.

आकलनाच्या रिहॅबचा बाकी पुरावा प्रामुख्याने डोक्याला मार लागलेल्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांकडून उसना घेतलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑक्सिजनअभावी झालेली इजा पसरट असते, त्यामुळे सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

पण @खोडरबर, ‘वाईट बातमी’ हा शब्द खटकला. घरात आधीच ‘आळशी झालाय’, ‘मुद्दाम करतो’ असं चाललेलं असतं. त्याला खरं नाव मिळणं ही बऱ्याच घरांत पहिली चांगली बातमी असते.

---

प्रतिसाद १३ · हातवही

ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा जमवून देणं) खुर्चीतून, जरा लांबण लावते.

पहिली विभागणी @अकरा_वाजून_दहा यांनी सांगितली तीच, साठवण की काढणं. साठवणच होत नसेल तर चुका करू देत शिकवू नका. निरोगी मेंदू चुकीतून शिकतो. इथे ‘अंदाज करा बघू’ म्हटलं की चुकीचं उत्तर तोंडून जातं, आणि कुणी दुरुस्त केलं हे विसरून ती चूकच पक्की होते. म्हणून आधी बरोबर उत्तर सांगा, लगेच म्हणवून घ्या, मग अंतर वाढवत न्या: १ मिनिट, २, ४, ८, १६. मध्ये गप्पा किंवा दुसरं काम. चुकला तर ताबडतोब बरोबर उत्तर द्या, म्हणवून घ्या, आणि जिथे शेवटचं जमलं होतं त्या अंतरावर परत या. एका वेळी एकच गोष्ट: ‘गोळ्या कुठे?’ ‘शॉक बसला तर कुणाला फोन?’ पूर्ण दिनक्रम एकदम शिकवायला गेलात तर काहीच राहत नाही.

काढताना अडत असेल तर खुणा काम करतात. वही, अलार्म, भिंतीवरचा फळा. पण वही देणं म्हणजे रिहॅब नव्हे. वह्या कपाटात मरतात, आणि कारणं ठरलेली आहेत: फार विभाग केलेले असतात, लिहायचं काम घरच्यांनी घेतलेलं असतं, जागा रोज बदलते, आणि उघडायची वेळ कशालाच बांधलेली नसते. चार विभाग पुरे: आज, औषधं, माणसं, डॉक्टरांना विचारायचंय. जागा एकच. उघडायची वेळ आधीच पक्क्या असलेल्या सवयीला जोडा, दात घासल्यावर आणि रात्रीच्या गोळ्यांच्या आधी. शिकवण्याचे तीन टप्पे. आधी वहीत काय कुठे आहे ते, मग तुमच्यासमोर वापर, मग बाहेर नव्या परिस्थितीत वापर. लोक पहिल्या टप्प्यावरच टाळ्या वाजवून मोकळे होतात.

अलार्मबद्दल: ‘टिंग’ वाजलं आणि कशासाठी ते आठवलं नाही, हे रोजचं. अलार्मला कामाचं नाव द्या, ‘निळा कप्पा, आत्ता’. काम होईपर्यंत बंद करायचा नाही, पुढे ढकलायचा.

कार्यकारी अडचणींसाठी: थांब, कामाचं नाव घे, तुकडे कर, तपास. हे कार्डावर लिहून कामाच्या जागी. थांबणं हाच सगळ्यात कठीण भाग, म्हणून सुरुवातीला बाहेरून खूण द्या, दर काही मिनिटांनी हलका आवाज, ‘मी काय करत होतो?’ विचारण्यासाठी. पुढे ती खूण कमी करत न्या.

---

प्रतिसाद १४ · मधलीच_फांदी

आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ? घरोघरी सुडोकू सुरू झालेत.

---

प्रतिसाद १५ · हातवही

सुडोकू केल्याने सुडोकू सुधारतं. आवडत असेल तर खुशाल करा. पण त्याने गोळ्या लक्षात राहू लागतील याची वाट पाहू नका. वेळ मर्यादित असेल तर ज्या कामात अडतंय त्या कामाचा सराव करा.

---

प्रतिसाद १६ · दमसास

थकव्यावर कुणीच लिहिलं नाही अजून. या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार तीच असते. आणि हा अंगमेहनतीने येणारा थकवा नाही, एक फोन, एक मीटिंग, गजबजलेली खोली यांनी येणारा आहे.

आधी दुरुस्त होण्यासारखं शोधा: रक्तक्षय, थायरॉइड (लय सांभाळणारं अमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर नक्कीच), झोपेतला श्वासरोध, नैराश्य, हृदयाची पंपशक्ती, बीटा ब्लॉकरचा डोस. डोस स्वतः कमी करायचा नाही हेही ठणकावून सांगा, लय बिघडायला तेवढं पुरतं.

मग सात दिवस नोंद: दर तासाला काय केलं आणि थकवा ० ते १०. पाहिल्यावर बहुधा एकच आकार दिसतो: बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट काम, पुढचे दोन दिवस पडून. विश्रांती थकवा यायच्या आधी घ्यायची, घड्याळाने. १०-१५ मिनिटं, पडद्याशिवाय. फोन बघत लोळणं ही विश्रांती धरायची नाही. डोक्याचं जड काम दिवसाच्या चांगल्या तुकड्यात, आणि व्यायाम व डोक्याचं जड काम पाठोपाठ नको.

---

प्रतिसाद १७ · उशाशी_वही

औषधांवरून आठवलं. हात एखादी वस्तू घ्यायला गेला की झटके येतात, बोलताना ओठ उडतात, दचकलं की वाढतं. हा लान्स-अ‍ॅडम्स सिंड्रोम. १९६३ मध्ये वर्णन झालं. हालचालीने येणारे हे झटके ऑक्सिजनअभावी झालेल्या इजेनंतर उशिरा दिसतात, आणि बुद्धी त्या मानाने चांगली असू शकते. थरथरत्या हातामुळे माणूस मंद समजला जातो. घन आणि घड्याळ काढताना जाणारे गुण हाताचे आहेत की डोक्याचे हे लिहून ठेवा.

दुसरी बाजू अशी की यावर दिली जाणारी क्लोनाझेपामसारखी औषधं स्वतःच गुंगी आणतात. डोस वाढवल्यानंतर आठवड्यात मोका घेतली तर औषधाची मोका होते.

आणि एक लाल दिवा: सुधारत असलेला रुग्ण काही दिवस-आठवड्यांनी उलट घसरू लागला, उदास, सुस्त, गोंधळलेला, चाल बिघडलेली, तर ‘डिप्रेशन असेल’ म्हणून थांबू नका. मेंदूच्या पांढऱ्या भागाची उशिरा होणारी इजा असू शकते, तातडीने न्यूरोकडे. ती दुर्मीळ असते. तसंच एकट्या भाषेचीच गडबड किंवा एकाच बाजूची कमजोरी या इजेत बसत नाही, तिथे पक्षाघात शोधा. एमआरआयआधी आयसीडी त्याला चालणारं आहे का ते यंत्राच्या कार्डावरून बघा.

---

प्रतिसाद १८ · सुकाणू

जोडीदारांबद्दल दोन शब्द. छातीवर दाब देणारी व्यक्ती बहुधा हीच असते. रुग्णाला त्या दिवसाचं काही आठवत नाही, हिला सगळं आठवतं. एचएडीएस ही प्रश्नावली दोघांचीही घ्या. १४ प्रश्न, चिंता आणि नैराश्य वेगळे मोजतात, प्रत्येकी ० ते २१, ८ पासून पुढे लक्ष द्यायचं. त्यात आघाताच्या खुणा येत नाहीत. झोप, दचकणं, त्या खोलीत जायचं टाळणं हे वेगळं विचारा.

उदासीनता आणि नैराश्य यांची सरमिसळ फार होते. उदासीन माणूस स्वतः उठत नाही, पण कुणी हात धरून सुरुवात करून दिली तर काम करतो, आणि दुःखी असल्याचं सांगत नाही. त्याला ‘मनावर घे’ म्हणण्याचा उपयोग शून्य. ठरलेली वेळ, ठरलेलं काम आणि पहिली पायरी कुणीतरी सुरू करून देणं, हाच मार्ग.

---

प्रतिसाद १९ · खोडरबर

बरं, हरलो. निदान अर्धा. आता गाडी चालवणं आणि नोकरी याबद्दल कुणी बोला, ओपीडीत विचारतात ते हेच.

---

प्रतिसाद २० · अकरा_वाजून_दहा

गाडीचे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवा. एक, लय आणि आयसीडी: किती काळ मनाई हे त्या-त्या देशाचा नियम ठरवतो, खाजगी आणि व्यावसायिक वाहनांना वेगळा. दोन, लक्ष, वेग, दृष्टीचं क्षेत्र. पहिल्याची मुदत संपली म्हणजे दुसऱ्याला परवानगी मिळाली असं होत नाही. मोकाच्या गुणांवरून गाडीचा निर्णय देऊ नका, ना होकार ना नकार. शंका असेल तर रस्त्यावरची प्रत्यक्ष चाचणी. ‘वाचता येत नाही, चष्मा बदलून दिला तरी’ अशी तक्रार आली तर डोळ्यांच्या मागे, कॉर्टेक्समध्ये शोधा. हद्दीवरच्या इजेत ते होतं.

नोकरीसाठी सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्या कामी येतात. सगळ्यांना नाही, पण ज्यांचं काम वेगाचं, जोखमीचं किंवा एका वेळी पाच गोष्टींचं आहे त्यांना रुजू होण्याआधी. रुजू होताना तास आणि कामाचं स्वरूप दोन्ही एकदम वाढवू नका. आधी अर्धा दिवस ओळखीची कामं, मग तास, शेवटी जबाबदाऱ्या. अपयश बहुधा पहिल्या आठवड्यात येत नाही. सगळे ‘आता बरा झाला’ म्हणून सवलती काढून घेतात तेव्हा येतं.

---

प्रतिसाद २१ · टिपकागद

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. वरच्या प्रतिसादांवरून एक पानी फॉर्म करतोय, चूक असेल तर सांगा.

घरी सोडण्याआधी ४एटी, औषधांच्या डब्याचं काम, घरच्यांना लेखी माहिती आणि पुढची तारीख. सहा ते बारा आठवड्यांत मोका (बेरीज आणि आठवणीचा तपशील वेगळा), एसडीएमटी, घरच्यांकडून आयक्यूकोड-सीए, दोघांची एचएडीएस, थकव्याचे प्रश्न, चालू औषधांची यादी. त्यातलं काहीही एक अडलं तर ओटी आणि न्यूरोसायकॉलॉजी. सगळं स्वच्छ आणि तक्रारही नसेल तर रुजू होण्याआधी एकदा फोन. अडलेल्यांना सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत.

फॉर्मवर मालक म्हणून कुणाचं नाव लिहू? हृदयविभाग म्हणतो न्यूरो, न्यूरो म्हणतो रिहॅब.

---

प्रतिसाद २२ · सुकाणू

ज्याच्याकडे रुग्ण ठरलेल्या तारखांना आपोआप येतोच, त्याचं. म्हणजे कार्डियाक रिहॅबच्या परिचारिकेचं. न्यूरोच्या रांगेत पाठवलेला विसराळू रुग्ण तारीख विसरतो, यात नवल काय?

आणि जे रिहॅबला येतच नाहीत त्यांच्यासाठी आयसीडी तपासणीची भेट धरा. ती सहसा चुकवत नाहीत.

---

प्रतिसाद २३ · हातवही

‘सगळं स्वच्छ आणि तक्रार नाही’ यात ‘घरच्यांचीही तक्रार नाही’ असं घाला. आणि ओटीकडे पाठवताना फक्त ‘मोका २३’ लिहू नका. ‘खुणेने आठवतं, खुणेशिवाय येत नाही’ अशी एक ओळ हवी. पहिली भेट वाचते.

---

प्रतिसाद २४ · अकरा_वाजून_दहा

फॉर्म चांगला आहे. दोन भर. मोकाची कोणती आवृत्ती वापरली ते लिहायला चौकोन ठेवा. ८.१, ८.२, ८.३ अशा समांतर आवृत्त्या आहेत. पहिल्यांदा ८.१ घेतली आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच, तर तेच पाच शब्द कुणाकुणाला आठवतात आणि तुम्ही ‘सुधारणा’ लिहून मोकळे होता. आणि एक-दोन गुणांच्या चढउताराला सुधारणा किंवा घसरण म्हणू नका, तेवढं दिवसागणिक हलतं.

दुसरं, चाचणीची वेळ आणि रात्रीची झोप यांसाठी एक ओळ.

---

प्रतिसाद २५ · लघुलिपी

आणि भिंतीवरचं घड्याळ काढलं की नाही, त्यासाठी एक चौकोन.

---

प्रतिसाद २६ · टिपकागद

घातला. तिसऱ्या ओळीत आहे, ‘चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ’.